‘पुढच्या मंगळवारी या’

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि निर्बंधांमुळे दारूची दुकाने बंद होती. त्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सात जणांचा मृत्यू झाला. ते करोनाने गेले नाहीत. दारू मिळेना म्हणून त्यांनी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर प्यायले होते. बातमी दोन दिवस गाजली. ‘दारूसाठी माणसे काहीही पितात’ असे म्हणून लोकांनी पान उलटले आणि विषय संपला.

तो तिथे संपायला नको होता. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात बंद झाली, हात थरथरू लागले, झोप उडाली, जीव घाबराघुबरा झाला, तर त्याने त्याच संध्याकाळी कुठे जायचे? वणीहून यवतमाळ शंभरएक किलोमीटर. टाळेबंदी नसतानाही ते अंतर छोटे नाही. जवळच्या दवाखान्यात गेला तर ‘आधी दारू सोड, मग ये’ हे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. देशी दारूच्या दुकानाचा पत्ता गावातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. दारू सुटताना होणाऱ्या त्रासावर त्याच दिवशी इलाज करणाऱ्या ठिकाणाचा पत्ता मात्र फार थोड्यांना सांगता येईल.

मानसिक आजार आणि व्यसन यांवरील उपचारांत तज्ज्ञांची कमतरता आहे, औषधांची आहे, पैशांचीही आहे. पण सर्वांत मोठी कमतरता वेळेची आहे. संकटाची वेळ आणि दवाखान्याची वेळ जुळत नाही. म्हणून यवतमाळसारख्या जिल्ह्यात नंबर न लावता, चिठ्ठी न आणता, आला त्या दिवशी तपासणारा मानसिक आरोग्य व व्यसनोपचार कक्ष तालुक्याच्या ठिकाणी असायला हवा. ही मागणी ऐकायला मोठी वाटते. प्रत्यक्षात तिच्यातील बराचसा भाग इमारतीचा नाही, कारभाराचा आहे.

शरीराचे घड्याळ

वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. गुंगी आणणारा पदार्थ रोज येणार हे धरून तो स्वतःला सतत जागे ठेवतो. दारू एकदम थांबली की ब्रेक निघून जातो आणि इंजिन मात्र धावत राहते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, मळमळते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान थोड्या रुग्णांमध्ये भ्रम सुरू होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी हाका मारत असल्याचे वाटते, घरची माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो. वेळेवर उपचार मिळाले तर मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येते.

विदर्भात दारू सोडण्याचे ठरलेले मुहूर्त आहेत. कोणी श्रावण पाळतो, कोणी पंढरीची माळ घालतो, कोणी मुलीच्या लग्नाआधी देवापुढे शपथ घेतो. निश्चय खरा असतो. पण रोज बाटली रिचवणारा माणूस असा एका रात्रीत थांबला की तिसऱ्या दिवशी तो बडबडू लागतो. घरच्यांना वाटते, बाहेरची बाधा झाली. भगताकडे नेले जाते, अंगारा लावला जातो, कधी खाटेला बांधून ठेवले जाते. शेवटी कोणीतरी शहाणा सांगतो, ‘थोडी पाजा, उतरेल.’ पाजली की खरोखरच उतरते. मग घरात एकच निष्कर्ष निघतो, याला दारू सोडवतच नाही. ज्या दिवशी या माणसाने आयुष्यातील सर्वांत चांगला निर्णय घेतला, त्याच दिवशी त्याला एकटे सोडले गेले, ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही.

या अवस्थेवरचे उपचार जुने, स्वस्त आणि परिणामकारक आहेत. डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखे औषध योग्य मात्रेत देऊन ती काही दिवसांत उतरवत आणायची. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायचे, तेही सलाईनमधून ग्लुकोज देण्याच्या आधी किंवा सोबत. नाहीतर आधीच उपाशी असलेल्या मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. पाणी, क्षार आणि रक्तातील साखर पाहायची. त्रास किती तीव्र आहे हे ठरवायला दहा लक्षणांवर गुण देणारी मोजपट्टी आहे. प्रशिक्षित सिस्टर ती पाच मिनिटांत भरू शकतात. यातील कोणत्याही गोष्टीला एमआरआय लागत नाही. रुग्ण त्या दिवशी आत येणे आणि आत त्याला कोणीतरी भेटणे, एवढेच लागते.

मनाचे घड्याळ

दुसरे घड्याळ याहून वेगाने चालते. आत्महत्या म्हणजे दीर्घ विचारांती घेतलेला निर्णय, असा समज आहे. प्रयत्नातून वाचलेल्यांशी बोलून झालेले अभ्यास वेगळे सांगतात. अनेकांमध्ये शेवटचा विचार आणि कृती यांत काही मिनिटांचे किंवा काही तासांचेच अंतर असते. पार्श्वभूमी वर्षांची असेल. कर्ज, नापिकी, दारू, घरातील भांडण, न ओळखलेले नैराश्य, सगळे साचलेले असते. पण जीवघेणी लाट येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत माणसाजवळ कोणी असले आणि घातक वस्तू हाताशी नसली, तर बहुतेक जण वाचतात. वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यातील २२,७४६ महाराष्ट्रातील होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. यवतमाळचे नाव या विषयात गेली दोन दशके देशभर घेतले जाते. कापूस, कर्ज आणि कोरडवाहू शेती यांवर भरपूर लिहिले गेले आणि ते आवश्यकच आहे. हमीभाव, सिंचन आणि पीकविमा यांची जागा कोणतीही गोळी घेऊ शकत नाही. पण कर्जाचा प्रश्न सुटायला वर्षे लागतात आणि त्या रात्रीचा प्रश्न त्याच रात्री सोडवावा लागतो. दोन्ही कामे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

त्यातच शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक असतेच. २०१७ च्या फवारणी हंगामात याच जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. तो अपघात होता. पण किती जहाल विष किती सहजपणे घराघरांत पोहोचले आहे, हे त्याने दाखवून दिले. श्रीलंकेने सर्वाधिक घातक कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केल्यानंतर तिथले आत्महत्यांचे प्रमाण पुढील दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी घटले. माणसे तेवढीच दुःखी होती, शेतीही चालूच राहिली. लाट ओसरायला वेळ मिळाला, एवढाच फरक.

जे आहे आणि जे नाही

यवतमाळमध्ये काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. आशाताई घरोघर जाऊन प्रश्न विचारतात आणि नैराश्याची लक्षणे असलेल्यांना पुढे पाठवतात. त्याच सुमारास यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबादसाठी ‘बळीराजा चेतना अभियान’ आले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून राबवला जात आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू आहे.

हे सर्व उपयोगी आहे. पण यातील बरेचसे काम व्यवस्थेच्या दिनदर्शिकेवर चालते. सर्वेक्षण ठरलेल्या महिन्यात होते, शिबिर ठरलेल्या तारखेला भरते आणि तज्ज्ञ तालुक्याला येणार ते ठरलेल्या वारी. बुधवारी रात्री घर सोडून विहिरीकडे निघालेल्या माणसाला पुढचा मंगळवार फार लांब असतो.

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार. एका टोकाला उमरखेड, दुसऱ्या टोकाला वणी आणि झरी-जामणी. झरी, मारेगाव, केळापूर या भागांत कोलाम समाजाचे पोड मुख्य रस्त्यापासून आत आहेत. समजा, झरीजवळच्या पोडावरचा माणूस चार दिवस झोपलेला नाही आणि घरच्यांना त्याची भीती वाटू लागली आहे. त्याला यवतमाळला न्यायचे म्हणजे गाडीभाडे, सोबत दोन माणसे, तिघांची बुडालेली मजुरी आणि पोहोचेपर्यंत ओपीडीची वेळ टळलेली. एकदा असे परत आलेले कुटुंब दुसऱ्यांदा निघत नाही.

एम्सने देशभर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यसनविषयक सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसलेतरी उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक. उरलेल्यांना उपचार नकोच होते, असे समजणे सोयीचे आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी हो म्हटले असेल, पण तो हो ऐकायला त्या तासाला समोर कोणी नव्हते.

दार उघडे ठेवायचे म्हणजे काय करायचे

असा कक्ष चालवणे म्हणजे फक्त पाटी लावणे नव्हे. पहिला नियम साधा आहे. आलेल्या कोणालाही न भेटता परत पाठवायचे नाही. केसपेपर निघण्याआधी सिस्टरने माणसाकडे पाहायचे. नाडी, रक्तदाब, ताप, साखर. मग तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत विचारायच्या: जीव नकोसा झाला आहे का, शेवटची दारू कधी घेतली आणि आधी कधी फिट आली होती का. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुधा सुटकेचा निःश्वास ऐकू येतो.

या दहा मिनिटांत रुग्णांचे तीन गट पडतात. काहींना त्याच क्षणी डॉक्टर लागतो. शुद्ध हरपत असलेला, फिट आलेला, विष घेतलेला, भ्रमात असलेला किंवा स्वतःला इजा करण्याच्या बेतात असलेला रुग्ण रांगेत बसत नाही. काहींना त्या दिवशी औषध आणि काही तास देखरेख लागते. उरलेल्यांना, आणि हा गट मोठा असतो, शांत खोलीत अर्धा तास ऐकून घेणारा प्रशिक्षित माणूस, पुढच्या काही दिवसांची साधी योजना आणि परत येण्याची तारीख लागते. मानसोपचारतज्ज्ञाची गरज प्रत्येकाला नसते. तो फोनवर हजर असला तरी मेडिकल ऑफिसर बरेच काही निभावू शकतो.

दुसरा नियम पाळायला कठीण आहे. पिऊन आलेल्याला हाकलायचे नाही. ‘उद्या न पिता या’ हे वाक्य अनेक दवाखान्यांत सवयीने उच्चारले जाते. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पिलेल्या माणसाशी नीट बोलता येत नाही आणि कर्मचाऱ्यांना शिवीगाळ सोसावी लागते. पण कित्येकदा दारूनेच त्याला दारापर्यंत येण्याचे धाडस दिलेले असते. शिवाय नशेत दिसणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागलेला असू शकतो, साखर घसरलेली असू शकते. त्याला सुरक्षित जागी निजवून ठेवायचे, तपासत राहायचे आणि उतरल्यावर बोलायचे. यासाठी दोन खाटा, दाराजवळ बसलेला एक धट्टाकट्टा आणि शांत डोक्याचा मामा आणि कर्मचाऱ्याला एकटे न ठेवण्याची शिस्त लागते. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची तजवीज न करता असा कक्ष उघडला तर तो महिनाभरात बंद पडेल. त्यात दोष त्यांचा नसेल.

तिसरा नियम रुग्ण घरी गेल्यानंतरचा. दोन दिवसांत फोन झालाच पाहिजे. हे काम किरकोळ वाटते, पण त्याला भक्कम पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबोसह पाच देशांतील पाच ठिकाणी आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय घरी जाण्याआधी तासभर समजावून सांगण्यात आले आणि पुढील १८ महिन्यांत नऊ वेळा फोनवर किंवा भेटून विचारपूस झाली. पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यूचे प्रमाण २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. त्या विचारपुशीत महागडे काहीच नव्हते.

तज्ज्ञ नाहीत, मग?

पहिला आक्षेप हाच असतो. जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, तालुक्याला कोण बसणार? उत्तर शेजारच्या जिल्ह्यातच आहे. अमरावतीतील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरज पडली तर डॉक्टर, अशी त्याची रचना होती. ‘लॅन्सेट सायकियाट्री’त २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १८ महिन्यांत नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर साध्या प्रशिक्षित समुपदेशकांचा प्रयोग केला. तीन महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांच्या गटात २६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीबाहेर आले, समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के. चमत्कार नाही, पण दर शंभरांत दहा घरे अधिक सावरली. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ने तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचार नेऊन पोहोचवले. विदर्भाला हे जमते, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

दुसरा आक्षेप गर्दीचा. दार उघडले की सगळा तालुका येईल. पहिल्या काही महिन्यांत येईलही. साचलेले दुःख आहे. पण आज हीच माणसे येतच नाहीत असे नाही. ती छातीत धडधडते म्हणून, पोटात आग पडते म्हणून, चक्कर येते म्हणून ओपीडीत फेऱ्या मारतात. फिट, अपघात, मारहाण, विषबाधा या रूपाने रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत येतात. रात्रपाळीला एकटा असलेला मेडिकल ऑफिसर त्यांना तेव्हा पाहतोच, फक्त सर्वांत वाईट क्षणी.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. काही दिवस कक्षात कोणीच येणार नाही. नेमलेली माणसे रिकामी बसतील. आधीच मनुष्यबळ अपुरे असताना हे परवडेल का? याचे उत्तर याच जिल्ह्यातील आरोग्य केंद्रांच्या फ्रिजमध्ये आहे. पावसाळ्यात सर्पदंशावरची लस तिथे ठेवलेली असते. काही कुप्या वापराविना मुदत संपून जातात. त्यांना कोणी उधळपट्टी म्हणत नाही. साप चावलेल्याला कोणी ‘पुढच्या मंगळवारी या’ म्हणत नाही आणि कळा सुरू झालेल्या बाईला तर नाहीच नाही. काही सेवांचे मोल त्या तयार असण्यात असते. ही त्यांपैकी एक आहे.

दारूबंदीचा प्रश्नही इथे येतो. या जिल्ह्यातील बायांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. त्यांच्या वेदनेची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. बंदी असावी की नसावी यावर मतभेद राहतील. पण वणीच्या त्या एप्रिलने एक धडा दिला. दारू बंद करण्याचा निर्णय कोणत्याही कारणाने झाला, तरी त्या दिवसापासून उपचारांचे दार दुप्पट उघडे हवे. पुरवठा थांबवणारा आदेश एका कागदावर निघतो. शरीराची सवय त्या कागदाने सुटत नाही.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश त्याने मानसिक आजारांतच केला आहे. सरकारी सेवा मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. जीव धोक्यात असेल तर मानसोपचारतज्ज्ञ नसलेला नोंदणीकृत डॉक्टरही तातडीचे उपचार करू शकतो, ७२ तासांपर्यंत. नियुक्त प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची असते. शारीरिक आजाराला जशी रुग्णवाहिका मिळते, तशीच मानसिक आजारालाही मिळाली पाहिजे, हेही कायद्यात लिहिले आहे. म्हणजे १०८ ला फोन करणाऱ्याला ‘वेडसर पेशंट आम्ही नेत नाही’ असे सांगता येत नाही.

पोलिसांची भीती अनेक कुटुंबांना दवाखान्यापासून दूर ठेवते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवतो. जुन्या दंड संहितेतील आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा राहिला आहे. रुग्णालय नोंद करेल, पोलीस जबाब घेतील, पण वाचलेल्या माणसाला तुरुंग दाखवण्याचे दिवस गेले. ही माहिती प्रत्येक पोलीस पाटलाने गावात सांगावी इतकी महत्त्वाची आहे.

सुरुवात कुठून

सोळाही तालुक्यांत एकदम सुरू करण्याची गरज नाही. वणी, पांढरकवडा, पुसद आणि उमरखेड या चार ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांत एक खोली, दोन खाटा, दोन प्रशिक्षित समुपदेशक, थायमिन आणि लोराझेपामचा न तुटणारा साठा आणि यवतमाळच्या मानसोपचार विभागाशी जोडलेला एक फोन. सकाळी ते रात्री आठपर्यंत कक्ष आणि त्यानंतर कॅज्युअल्टीतील डॉक्टरच्या टेबलावर एक पानी कार्यपद्धती. एसटी स्टँडवर, कृषी केंद्राच्या भिंतीवर, देशी दारूच्या दुकानाबाहेरही पाटी: ‘आज या. पिऊन आलात तरी या.’

मोजायचे तेही वेगळे. किती रुग्ण पाहिले हा आकडा मंत्रालयात शोभतो. त्याऐवजी किती वेळ थांबावे लागले, किती जण न भेटता परत गेले, किती जणांना दोन दिवसांत फोन झाला आणि किती जण सात दिवसांत पुन्हा आले, हे चार आकडे दर महिन्याला जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवावेत. न भेटता परत गेलेल्यांचा आकडा शून्यावर येईपर्यंत बाकी सगळे दुय्यम.

तोवर घरच्यांनी काय करावे? रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एका दिवसात दारू सोडायला लावू नये. सोडण्याआधी डॉक्टरला भेटावे. सोडल्यावर फिट आली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा ताप चढला तर भगताची वाट न पाहता १०८ बोलवावी. घरात कोणी ‘आता जगून काय करू’ असे म्हणत असेल, निरवानिरव करत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी शेजाऱ्याकडे किंवा कुलपात ठेवावेत आणि त्याच्यासमोरच १४४१६ ला फोन लावावा. उपदेश करू नये. जवळ बसावे. जेवलास का, असे विचारावे.

ऐन श्रावणात कुठल्यातरी गावात कोणीतरी माळ घालेल आणि तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतील. त्याची बायको त्याला एसटीत बसवून तालुक्याला आणेल. तिच्या कनवटीला परतीच्या भाड्यापुरतेच पैसे असतील. खिडकीपलीकडचा माणूस तिला ‘बसा, पाहतो’ म्हणेल की ‘पुढच्या मंगळवारी या’, यावर त्या घराचे पुढचे दिवस ठरतील.